लेडी मेरी माँटेग्यू यांची तुर्कस्तानातील पत्रे खरोखर धाडलेली होती का?

प्रश्न:
इंग्रज लेखिका लेडी मेरी वर्टली माँटेग्यू (१६८९–१७६२) यांची तुर्कस्तानातील पत्रे सध्या वाचत आहे. त्यांचे पती १७१६ मध्ये ऑटोमन दरबारी राजदूत म्हणून निघाले, तेव्हा व्हिएन्ना, बेलग्रेड, एड्रियानोपल असा प्रवास करीत त्याही कॉन्स्टँटिनोपलला गेल्या. मात्र ही पत्रे इतकी घोटीव आहेत की ती कधी टपालात पडली असतील का, अशी शंका येते. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

प्रतिसाद १:
आपली शंका रास्त आहे. आज आपण वाचतो तो संग्रह त्यांनी मूळ पत्रे आणि रोजनिशी यांच्या आधारे नंतर स्वतः सिद्ध केला. उमराव घराण्यातील स्त्रीने स्वतःच्या नावाने पुस्तक छापणे तेव्हा शोभनीय मानले जात नसल्याने, १७६१ मध्ये मायदेशी परतताना त्यांनी हस्तलिखित रॉटरडॅम येथील एका धर्मोपदेशकाच्या हवाली केले आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि घोटीव म्हणजे खोटे नव्हे. सोफिया शहरातील हमामातील (सार्वजनिक स्नानगृहातील) स्त्रिया त्यांना कपडे उतरवण्याचा आग्रह करतात, तेव्हा लेडी मेरी आतली ताठ काचोळी दाखवतात आणि नवऱ्यानेच बायकोला या यंत्रात कोंडले असावे, असा त्या स्त्रियांचा समज होतो. हा प्रसंग नुसत्या कल्पनेतून सुचला असेल, असे मला वाटत नाही.

प्रतिसाद २:
देवीच्या रोगावरील पत्र तर अनुभवाच्या बळावरच उभे आहे. १७१३ मध्ये या रोगाने त्यांचा भाऊ गेला. १७१५ मध्ये त्या स्वतः वाचल्या, पण चेहऱ्यावर व्रण राहिले आणि पापण्यांचे केस कायमचे गेले. सारा चिझवेल या मैत्रिणीला उद्देशून असलेल्या, १ एप्रिल १७१७ या तारखेच्या पत्रात त्या सांगतात की, शरद ऋतूत वृद्ध स्त्रिया अक्रोडाच्या कवचीत देवीच्या फोडांतील लस घेऊन घरोघरी येतात आणि सुईच्या टोकावर मावेल तेवढीच शिरेत सोडतात. (ही पुढे डॉक्टर जेनरने गाईच्या देवीपासून काढलेली गोस्तनी लस नव्हे, यात पुढे देवी येऊ नयेत म्हणून खऱ्या देवीचीच सौम्य बाधा घडवीत असल्याने जिवाला थोडा धोका असेच.) मार्च १७१८ मध्ये त्यांनी मुलाला तिथेच टोचून घेतले आणि १७२१ मध्ये लंडनला साथ आली असता दरबारी वैद्यांच्या देखत मुलीलाही. हा उपाय इंग्लंडमध्ये रुजवताना वैद्यांशी झुंजावे लागेल, हे त्यांनी त्या पत्रातच लिहिले होते. पुढे १७२६ मध्ये सारा स्वतः देवीनेच दगावली, हे वाचून फार वाईट वाटते.

प्रतिसाद ३:
खरोखर धाडलेली पत्रे वाचायची असतील, तर १७३९ नंतर परदेशी राहताना त्यांनी मुलीला, लेडी ब्यूट यांना, लिहिलेली पत्रे घ्यावीत. नातीला भरपूर शिकवावे, पण तिने आपली विद्वत्ता एखाद्या व्यंगासारखी लपवावी, असे त्या १७५३ मध्ये बजावतात. लहानपणी वडिलांच्या ग्रंथसंग्रहात लपूनछपून लॅटिन शिकलेल्या बाईंचा हा सल्ला आहे, हे ध्यानात घ्यावे. त्यांची रोजनिशी मात्र पुढे याच मुलीने जाळून टाकली.

मूळ प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनापासून आभार. मुलीला लिहिलेली पत्रे आता आधी वाचतो आणि मग सारासाठीच्या पत्राकडे पुन्हा वळतो.