दुचाकीचे अपघात: सांगली-साताऱ्याच्या रस्त्यांवरचे तुमचे अनुभव

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यांतली ७५ हजारांच्या आसपास दुचाकीवरची. कागदावर 'भरधाव वेग' लिहिलं जातं आणि विषय मिटतो. तुम्ही प्रत्यक्ष काय पाहिलंत? घरातलं असेल तर सांगवेल तेवढंच लिहा.

पलूसहून
गळीत हंगाम सुरू झाला की घरातला माणूस रात्री परतेपर्यंत जिवाला घोर असतो. माझा चुलतभाऊ कुंडलकडून येताना उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, वर वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, लोंबत होतं. त्यात समोरच्या गाडीचा अप्पर थेट डोळ्यांवर. हेल्मेटचा पट्टा लावलेला होता म्हणून डोकं वाचलं, मांडीचं हाड मोडलं. त्याचा वेग चाळीसच्या वर नव्हता, तरी गावात सगळे "पोरं पळवतात" एवढंच म्हणाले. याचा मला फार राग येतो. आणि ट्रॉली हलली तरी चाकाला लावलेले दगड तिथंच राहतात. पुढचा दुचाकीवाला त्यांवरून उडतो.

कराडहून, नर्स
आमच्याकडे येणाऱ्या बायका बहुतेक मागं बसलेल्या असतात. एका बाजूला पाय, मांडीवर लेकरू, हाताला धरायला काही नाही. पांढरे पट्टे पुसलेल्या गतिरोधकावर गाडी उडते आणि त्या डोक्यावर पडतात. पदर किंवा ओढणी चाकात गेल्याचेही पेशंट येतात. कायद्यानं मागच्यालाही हेल्मेट लागतं, पण घरात हेल्मेट एकच असतं.

तासगावहून
वळवाचा पाऊस झाला की ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली काळी माती डांबरावर येते. पुढचा ब्रेक दाबला की गाडी आडवी. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. आमच्याकडे बहुतेकांच्या गाड्या १०० सीसीच्या.

उंब्रजहून
महामार्गावर लांबचा वळसा चुकवायला उलट्या दिशेनं येणारे. रोज.

मिरजहून
अंकलीच्या अलीकडे एक मुलगा पडला होता. गर्दी होती, पण "पोलीस नाव लिहून घेतील" म्हणून कुणी हात लावेना. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलंय: मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती करता येत नाही. मी हे मोठ्यानं सांगितलं, तेव्हा दोघं पुढं आले. मान न हलवता त्याला कडेला घेतलं आणि १०८ ला फोन लावला.