पुढे लागणाऱ्या कृत्रिम पायांचा खर्च आत्ताच मागायचा का?

प्रश्न : कोरेगावची ताई

माझे मिस्टर ३४ वर्षांचे, दुधाचा टेम्पो चालवायचे. मागच्या श्रावणात पहाटे रस्त्याकडेला टेम्पो लावून मागचा फाळका बांधत होते. डंपरने ठोकलं. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. साताऱ्याला दावा वेळेत दाखल केलाय, दवाखान्याची ४ लाख १० हजारांची बिलं जोडलीत.

आता विमा कंपनी म्हणते, येत्या लोकअदालतीत १४ लाखांवर मिटवा. आमचे वकील म्हणतात घ्या, कशाला वर्षानुवर्षं हेलपाटे. दिरांचंही तेच. पण पाय बसवणारे म्हणाले की हा पाय जन्मभर पुरत नाही. मग पुढच्या पायांचे पैसे आत्ता मागायचे, की लागतील तेव्हा कोर्टात परत अर्ज करता येतो? दाव्यात ‘पुढील उपचार खर्च ५०,०००’ एवढी एकच ओळ आहे. सही करायला माझा हात होत नाही.

उत्तर : साताऱ्यातला एक वकील

परत अर्ज करता येत नाही. मोटार वाहन कायद्यात एकदा अंतिम निवाडा झाला की पुढच्या खर्चासाठी दुसरा निवाडा मागायची सोय नाही. सर्वोच्च न्यायालयाने नागप्पा विरुद्ध गुरुदयाल सिंग या निकालात हेच सांगून पुढचा वैद्यकीय खर्च निवाड्याच्या वेळीच धरायला लावला. मागणीपेक्षा जास्त रक्कमही न्यायाधिकरण, म्हणजे अपघाताचा दावा चालवणारं कोर्ट, देऊ शकतं, हेही त्याच निकालात आहे. म्हणजे ५०,००० लिहिलेत म्हणून तुमचे हात बांधलेले नाहीत. तरी वकिलांना दाव्यातला आकडा दुरुस्त करायचा अर्ज द्यायला सांगा.

लोकअदालतीतल्या निवाड्यावर अपील नाही. तिथली सही शेवटची, हे घरात सगळ्यांना सांगा.

उत्तर : मिरजेचा यंत्रमागवाला

ताई, सही करू नका. माझा डावा पाय २०१५ साली गेला, तुमच्या मिस्टरांसारखाच गुडघ्याखाली. माझ्या दाव्यातही हीच ओळ होती, हाच ५०,००० चा आकडा. कुणी हिशेब मांडला नव्हता, मीही विचारला नाही. लोकअदालतीत मिटवलं, पेढे वाटले.

पहिल्या वर्षातच स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, वाळला. आधी एका मोज्यावर पाय घट्ट बसायचा. दिवाळीपर्यंत तीन मोजे चढवले तरी सॉकेट (स्टंप बसतो ती वाटी) आत फिरायचं आणि नडगीच्या टोकाला घासायचं. संध्याकाळी मोजा काढला की रक्ताचा रुपयाएवढा डाग. पावसाळ्यात लायनरमध्ये, म्हणजे स्टंपवर चढवायच्या मऊ अस्तरात, घाम साठतो, तो उलटा केला की पाणी गळतं. नवं सॉकेट ३५ हजार. नंतर लायनर १८ हजार. ५०,००० तिथेच संपले. पाचव्या वर्षी अख्खा पाय बदलायची वेळ आली तेव्हा बायकोच्या पाटल्या मोडल्या. कोर्टात गेलो तर सांगितलं, तुमचं प्रकरण मिटलंय.

म्हणून तुम्ही कागद गोळा करा. पुण्याला वानवडीत लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, १९४४ पासूनचं, तिथे नागरिकांनाही बघतात. मुंबईत हाजी अलीला सरकारी पुनर्वसन संस्था आहे. अशा ठिकाणचं लेखी कोटेशन वजनदार असतं. त्यात नुसती पायाची किंमत नको. पाय किती वर्षं टिकतो, लायनर किती दिवसांनी, सॉकेट कधी, दुरुस्ती वर्षाला किती, हे वेगवेगळं लिहून मागा. पाच वर्षांना एक धरला तर ३४ पासून ६५ पर्यंत सहा पाय होतात, ताई. ५०,००० मध्ये ते सहा कुठून येणार?

उत्तर : साताऱ्यातला एक वकील

मिरजेच्या दादांचा हिशेब कोर्टातही चालतो. मोहम्मद साबीर प्रकरणात (डिसेंबर २०२२) सर्वोच्च न्यायालयापुढे २ लाख ६० हजारांचा पाय आणि त्याचं पाच-सहा वर्षांचं आयुष्य असाच अंदाज होता, आणि न्यायालयाने पाय बदलण्याचा व देखभालीचा खर्च वेगळा धरला. पण कोटेशन नुसतं जोडून भागत नाही. ते देणाऱ्याची आणि ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांची साक्ष लागते. डॉक्टरांच्या साक्षीबद्दल राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०१०) निकालात हे स्पष्ट आहे. डॉक्टर तारखेला येत नसतील तर कोर्टाने नेमलेल्या कमिशनरमार्फत साक्ष घ्यायचा अर्ज द्या.

अपंगत्वाच्या दाखल्यावरचा टक्का म्हणजे कमाईचा तोटा नव्हे, हेही मांडायला लावा. ज्याची रोजीरोटी गाडी चालवण्यावर, त्याचा उजवा पाय गेला तर तोटा टक्क्यापेक्षा मोठा. चौदा लाखांत हे धरलेलं दिसत नाही.

कोरेगावची ताई

काल कंपनीचे वकील म्हणाले, जयपूर फूट फुकट मिळतो, तुम्हाला लाखांचा पाय कशाला?

मिरजेचा यंत्रमागवाला

जयपूर फूट मी दोन वर्षं वापरला. त्याला नावं ठेवणार नाही. मांडी घालता येते, शेतात चिखलात चालतो. पण तोही झिजतो, आणि फुकट देणाऱ्यांनी तो गरिबांसाठी ठेवलाय, डंपरवाल्याचं देणं फेडायला नव्हे. हे साक्षीत असंच बोला, घाबरू नका. आणि मिस्टरांच्या स्टंपला जखम झाली की त्याच दिवशी डॉक्टरांच्या कागदावर नोंद करून घ्या. मी घरी हळद लावत बसलो. माझ्याकडे दाखवायला एक चिठ्ठी नव्हती.

कोरेगावची ताई

सोमवारी यांना वानवडीला नेते. वकिलांना फोन करून सांगितलं, या लोकअदालतीत सही नाही. दीर रागावलेत. तुमचं सॉकेटचं बिल असेल तर फोटो टाका दादा, त्यांना दाखवायचंय.