बिल कमिटीत अडकलंय, पुढे काय? मदत हवी आहे

एडिसनकर: ग्रीन कार्डचा बॅकलॉग कमी करणारं अमेरिकी संसदेतलं ते बिल, संसदेच्या साइटवर कधीही उघडा स्टेटस तेच, ज्युडिशिअरी (न्यायविषयक) कमिटीकडे पाठवलं. हलतच नाही. कमिटीला काही मुदत असते का? वकील नीट बोलत नाही, ऑफिसात जो तो वेगळंच सांगतो. नक्की माहितीये त्यांनीच लिहा.

नाना_टेक्सास: कुठलं बिल? हाउसचं की सिनेटचं? संसदेची ही दोन सभागृहं, आणि ज्युडिशिअरी कमिटी दोन्हीकडे आहे. मुदत वगैरे नसते हो. चेअरमनच्या मनात आलं तर हिअरिंग, मग मार्कअप म्हणजे कलमांवर चर्चा नि दुरुस्त्या, मग मतदान. नाही आलं तर पडून. बहुतेक बिलं तिथेच संपतात.

शंतनू_के: चेअरमन गेला उडत. डिस्चार्ज पिटिशन! २१८ खासदारांच्या सह्या झाल्या की कमिटीला बाजूला सारून थेट सभागृहात. नोव्हेंबर २०२५ मध्ये एपस्टीन प्रकरणाच्या सरकारी फाइल्स खुल्या करायच्या बिलाचं तसंच झालं की.

नाना_टेक्सास: ती वाट हाउसमध्ये, म्हणून तर विचारतोय. आणि स्वतःच्या पक्षाच्या स्पीकरशी वैर कोण घेणार? २०१९ चं ग्रीन कार्डचंच हाउसमधलं बिल एचआर १०४४ बघा, २९० च्या वर सहप्रायोजक (बिलाला नाव देणारे खासदार) जमले म्हणून कमिटीत मार्कअप न होताच जुलैत हाउसमध्ये ३६५ विरुद्ध ६५ ने पास. सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये आपलं वेगळं व्हर्जन पास केलं, दोन्हींचा मेळ बसला नाही, गेलं.

मालवणी_काकू: मुंबईत व्हिसा स्टॅम्पिंगच्या तारखा मिळतायत का सध्या? भाच्याला हवीये.

एडिसनकर: काकू वेगळा धागा काढा ना प्लीज. नंबर एसने सुरू होतो, जुलै २०२२ ला मांडलंय.

नाना_टेक्सास: अहो हे आधी सांगायचं! म्हणजे सिनेट, आणि ती ११७ वी काँग्रेस, म्हणजे संसदेचा दोन वर्षांचा कार्यकाळ, ३ जानेवारी २०२३ ला संपली. दर दोन वर्षांनी राहिलेली सगळी बिलं बाद.

देशपांडे१२: आपल्याकडे बरं, राज्यसभेत पडून असलेलं, लोकसभेने पास न केलेलं बिल लोकसभा विसर्जित झाली तरी जिवंत राहतं.

शंतनू_के: मग महिला आरक्षण २०१४ ला कसं बाद झालं?

देशपांडे१२: ते राज्यसभेने २०१० लाच पास करून लोकसभेत पाठवलेलं. मी लिहिलंय ते वाचत जा जरा.

एडिसनकर: तुम्ही दोघं भांडा तिकडे. मग साइट अजून कमिटी का दाखवते? आणि आता बघायचं कुठे?

नाना_टेक्सास: शेवटची हालचाल तीच, म्हणून दाखवते. सर्चमध्ये ११९ वी काँग्रेस निवडा, विषय इमिग्रेशन. नवीन बिल सापडलं तर आधी सहप्रायोजक बघा, कमिटीचा चेअरमन त्यात नसेल तर फार आशा धरू नका.