बाहेरची स्कॉलरशिप मिळाली आणि कॉलेजने आपली ग्रँट कापली: तुमचे अनुभव?

एडिसनची_आई: काल मैत्रिणीच्या लेकीला इथे अमेरिकेतल्या एका संस्थेची स्कॉलरशिप मिळाली. फोनवर नुसता जल्लोष चालला होता, आणि मला आमच्या चिरंजिवांचं पहिलं वर्ष आठवलं. निबंध लिहून, शिफारसपत्रांसाठी शिक्षकांच्या मागे फिरून पोराने 5,000 डॉलर मिळवले. ऑगस्टमध्ये कॉलेजचं सुधारित पत्र आलं. बाहेरची स्कॉलरशिप: अधिक 5,000. त्याच्याच खालच्या ओळीत कॉलेजची ग्रँट, म्हणजे परत न करायची मदत: उणे 5,000. आम्ही भरायचा आकडा जागच्या जागी! फोन केला तर बाई गोड आवाजात म्हणतात, "आता तुमची गरज कमी झाली ना." म्हटलं, आमची कुठे, तुमची झाली. तुमच्याकडे काय झालं? लिहा.

निवांत_नाना: पोराचं अभिनंदन आधी!

मृण्मयी_बे_एरिया: आमच्या लेकीचं आधी कर्ज कापलं, मग वर्क-स्टडी (शिकताना काम करून मिळणारे पैसे). लायब्ररीतलं काम गेलं म्हणून ती फुगून बसली, बाबा खूश. ग्रँटला हात लावला नाही. प्रत्येक कॉलेजची रीत वेगळी. आधी कर्ज कापणार की ग्रँट, हे मेलवर लेखी विचारायचं. कॅलिफोर्नियात 2023-24 पासून ग्रँट कापण्यावर बंधन घालणारा कायदाच आहे, पण तो पेल या केंद्र सरकारच्या ग्रँटला पात्र असलेल्यांसारख्या कमी उत्पन्नवाल्या मुलांसाठी. आम्ही त्यात कुठले बसायला!

गोट्या७७: मेरीलँडने 2017 मध्येच सरकारी कॉलेजांना चाप लावला. देशात पहिलं राज्य. ताई, तुमचं खाजगी होतं का?

एडिसनची_आई: खाजगीच हो. नाव नको इथे, अजून एक वर्ष काढायचंय त्याला तिथे.

एच४_वाली: तुमचं कापायला काहीतरी होतं तरी. आमची मुलगी एच-4 वर (एच-1बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा), त्यामुळे सरकारी मदत शून्य. बाहेरच्या स्कॉलरशिपांतही निम्म्या ठिकाणी सिटिझन किंवा ग्रीन कार्ड हवं. कुकर लावलाय, नंतर येते.

मृण्मयी_बे_एरिया: @एच४_वाली अगं, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. काही खाजगी कॉलेजं स्वतःच्या पैशातून देतात.

सदाशिवपेठी: इकडे महाराष्ट्र सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह भत्ता दोन्ही बरोबर चालतात. उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं आणि बँकखातं आधारला जोडलेलं हवं. भाच्याचं जोडलेलं नव्हतं, मग बँकेत हेलपाटे. विषयाला सोडून झालं, पण लिहिलं.

निवांत_नाना: सदाशिव पेठेतून विषयाला सोडून? नवल आहे.

ओहायोचा_बाप: आम्ही दोन गोष्टी केल्या. देणाऱ्या संस्थेला विनंती करून अर्धी रक्कम पुढच्या वर्षावर ढकलली. दुसरं म्हणजे कॉलेजच्या एड ऑफिसला (आर्थिक मदतीचं कार्यालय) लॅपटॉपची पावती दाखवून 'कॉस्ट ऑफ अटेंडन्स', म्हणजे कॉलेजने धरलेला वर्षाचा एकूण खर्च, वाढवून घेतली. गरज मोजताना तोच आकडा धरतात, तो वाढला की बाहेरच्या पैशाला जागा होते. आपणहून कोणी सांगत नाही, मागावं लागतं. आणि स्कॉलरशिप लपवू नका. चेक बहुतेक कॉलेजच्याच नावाने येतो, कळतंच.

गोट्या७७: टॅक्सचंही बघा. फी आणि कोर्सला लागणाऱ्या पुस्तकांवर गेलेली स्कॉलरशिप माफ; खोली आणि जेवणावर गेलेली मुलाच्या उत्पन्नात धरतात.

निवांत_नाना: म्हणजे पिझ्झ्यावरही टॅक्स?

गोट्या७७: स्कॉलरशिपच्या पैशातून खाल्ला असेल तर हो, नाना.