कुंगफू, वुशू, ताई ची : नावांचे अर्थ

मुलीच्या क्लासच्या पाटीवर ‘कुंगफू, वुशू, ताई ची’ असं एका ओळीत लिहिलंय. हे तीन वेगळे प्रकार, की एकाचीच तीन नावं? आणि ताई चीमधला ‘ची’ म्हणजे प्राणशक्तीच ना?

–

युद्धकलेसाठी चिनीत रीतसर शब्द वुशू. ‘वू’ म्हणजे लढाईसंबंधी, ‘शू’ म्हणजे कला. 1990 पासून आशियाई स्पर्धांत खेळतात तोही वुशूच.

कुंगफूच्या मूळ अर्थात मारामारी नाहीच. गवयाचा आवाज जसा ‘कमावलेला’ असतो, तसं वेळ आणि मेहनत घालून कमावलेलं कसब म्हणजे कुंगफू. दक्षिण चीनमध्ये चिमुकल्या किटलीत निगुतीनं चहा करतात, त्यालाही ‘कुंगफू छा’च म्हणतात. 1970च्या दशकात हाँगकाँगचे सिनेमे जगभर गेले आणि हा शब्द लढाईलाच चिकटला. इतका सुंदर अर्थ त्यात मागे पडला याचं मला खरंच वाईट वाटतं.

तुमच्या ‘ची’चा अर्थ मात्र प्राणशक्ती नाही. श्वास, वायू, प्राण या अर्थाचा चिनी शब्द महाप्राण आहे (म्हणजे ‘ह’ मिसळून उच्चारलेला), ‘छी’. ताई चीतला ‘ची’ अल्पप्राण, म्हणजे ‘ह’शिवायचा. जुन्या रोमन लेखनात हा फरक दाखवायला छोटं चिन्ह देत असत. ते गळलं आणि दोन्ही शब्द सारखे दिसू लागले. आपल्याकडे च आणि छ वेगळे असताना आपण तो घोळ उचलायचं काहीच कारण नाही. या ‘ची’चा मूळ अर्थ घराचं आढं, म्हणजे छपराच्या माथ्यावरचं लाकूड, त्यावरून टोक, पराकोटी. ताई ची म्हणजे यिन-यांग या परस्परपूरक तत्त्वांच्या जोडीच्याही मुळाशी असलेलं परमतत्त्व. कलेचं पूर्ण नाव ताईचीछ्वान. ‘छ्वान’ म्हणजे मूठ, त्यावरून हातघाईची शैली. प्रार्थना कीटकाच्या हालचालींवर बेतलेल्या शैलीचं नावही तसंच, थांगलांगछ्वान.

–

मग शाओलिन? ते बोधिधर्म या बौद्ध भिक्षूशी जोडतात ना?

–

शाओलिन हे जागेचं नाव. हनान प्रांतातल्या शाओशी डोंगरावरचं रान, ‘लिन’ म्हणजे रान. तिथला मठ इ. स. 495च्या सुमारास बातुओ या भारतीय भिक्षूसाठी बांधला गेला, हा आपल्याशी असलेला पक्का धागा. बोधिधर्मानं तिथे व्यायाम शिकवल्याची कथा मात्र ‘यीचिनचिंग’ या ग्रंथातून पसरली, आणि तो 17व्या शतकातला आहे, बोधिधर्मानंतर हजारएक वर्षांनी लिहिलेला.