बाबांसाठी केअर होम बघतोय, नक्की तपासायचं काय?

ए ४०१: नमस्कार सगळ्यांना, घरचा विषय सोसायटीच्या ग्रुपवर टाकतोय, सांभाळून घ्या. बाबांना दुसरा स्ट्रोक आल्यापासून उजवी बाजू जवळजवळ गेलीये, बोलणंही अडखळतं, रात्री दोन-तीनदा उठवून बसवावं लागतं, आमच्या दोघांच्या नोकऱ्या आणि घरी ठेवलेला अटेंडंट महिना-दीड महिन्यात सोडून जातो. शेवटी केअर होमचा निर्णय घेतलाय. तीन ठिकाणं बघून आलो, तिन्ही चकाचक, रिसेप्शनला फुलं, भिंतीवर सर्टिफिकेटं, मॅनेजर अगदी गोड बोलणारे. मला फरकच कळेना. कोणी घरचं माणूस ठेवलं असेल तर सांगा, बघायचं तरी काय?

ए १०२: स्वच्छता आणि सीसीटीव्ही असला की बाकी बहुतेक ठीकच असतं

सी १०४: नाही हो, अजिबात नाही. माझी आई आधी ज्या होममध्ये होती तिथली फरशी आरशासारखी होती. एका रविवारी तिच्या पायात मोजे चढवताना टाचेवर अंगठ्याच्या नखाएवढा लाल डाग दिसला, मी दाबून बघितला, बोट काढलं तरी तसाच लाल. स्टाफला विचारलं तर म्हणे चप्पल लागली असेल. आई तीन आठवडे पलंगावरून उतरली नव्हती, चप्पल कुठून लागणार? मग पायथ्याशी अडकवलेला चार्ट बघितला, दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या टिका. सकाळचे अकरा वाजले होते आणि दुपारी चारपर्यंतच्या टिका मारून मोकळे झाले होते. दहा दिवसांत तो डाग काळा पडला आणि जखम भरायला पुढे चार महिने गेले. तेव्हापासून मी कुठेही गेले तरी आधी चार्ट बघते आणि मग घड्याळ.

ए ४०१: बापरे ताई. मी चार्ट बघायला मागितलाच नाही कुठे

बी २०३: मी सव्वीस वर्षं नर्सिंग केलंय, त्यातली शेवटची नऊ अशाच एका होममध्ये, म्हणून जरा लांबलचक लिहिते. ताईंच्या आईचा तो डाग म्हणजे बेडसोरची, एकाच कुशीवर पडून राहून दाबानं होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी. दाबल्यावर साधी लाली पांढरी होते आणि परत लाल होते, बेडसोरची होत नाही. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर लाली दिसतही नाही नीट, तिथे हात लावून बघायचं, आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा मऊ लागतं का. टाचा, माकडहाड, खुबे, या जागा रोज बघायच्याच. दोन तासांचा नियम सगळे तोंडपाठ म्हणतात पण तो प्रत्येकाला सारखा नसतो, एखाद्याला आधी वळवावं लागतं तर चांगली गादी असेल तर एखाद्याला थोडं उशिरा चालतं, म्हणून विचारायचं की आमच्या बाबांसाठी किती तासांनी आणि ते कशावरून ठरवलंत. उत्तर देताना चाचपडले तर समजून जा.

आणि तुमच्या बाबांचं म्हणाल तर तीन गोष्टी मी आधी बघेन. कॉल बेल त्यांच्या डाव्या हाताला आहे का, कारण उजवीकडे असली तर ती नसल्यासारखीच. उचलताना उजवा हात धरून ओढतात का, किंवा बगलेत हात घालून उचलतात का, स्ट्रोकमध्ये खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, असं ओढलं की खांदा निसटू शकतो आणि मग दुखत राहतो. आणि भरवणं. स्ट्रोकनंतर गिळायला त्रास असू शकतो, त्यामुळे ताठ बसवून, छोटा घास, घाई न करता, आणि जेवल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. जेवताना खोकला येतो, आवाज ओला घोगरा होतो, तर अन्न श्वासनलिकेकडे जातंय असं समजा, ते फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया. तुम्ही जेवणाच्या वेळेला जा, ऑफिस टाइमला नको.

सी १०४: आणि कळवून जाऊ नका 🙏

ए १०२: पण आधी न कळवता गेलं तर आत सोडतील का? आणि एवढं खोदून विचारलं तर ॲडमिशनच देणार नाहीत

सी १०४: मग ते घेतायत काय आणि आपण सोपवतोय काय! नातेवाईक कधी आले तरी ज्यांना अडचण नसते तेच होम मला चांगलं वाटतं. आईला नंतर जिथे हलवलं तिथल्या बाईंनी मला स्वतःहून रजिस्टर उघडून दाखवलं, त्या महिन्यात सहा जणं पडली होती. मी घाबरले. तर त्या म्हणाल्या की वयस्कर माणसं राहतात तिथे कोणी पडलंच नाही असं कोणी सांगत असेल तर ते लिहीत नाहीयेत एवढंच. पुढच्या रकान्यात पडल्यावर काय बदललं तेही होतं, एकाच्या रात्रीच्या गोळीची वेळ बदलली, एकीच्या पलंगाची उंची कमी केली, बाथरूमच्या वाटेवर दिवा लावला. तो रकाना वाचून मी आईला तिथे ठेवलं.

बी २०३: अगदी बरोबर. पलंगाला दोन्हीकडे उंच रेलिंग लावून ठेवणं म्हणजे सुरक्षा असं सगळ्यांना वाटतं, पण गोंधळलेलं माणूस त्यावरून चढून उतरायला बघतं आणि जास्त उंचीवरून पडतं, कधी मान किंवा छाती फटीत अडकते. आणि गप्प ठेवायला दिलेल्या गोळ्या, याबद्दल मला फार पोटतिडकीनं सांगायचंय. डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांना अँटीसायकोटिक, म्हणजे भास-भ्रम आवरायची औषधं दिली तर मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २००५ साली यातल्या नव्या औषधांवर आणि २००८ साली जुन्यांवरही छापायला लावला. कधीकधी लागतात, नाही असं नाही, पण कोणी लिहून दिली, कशासाठी, किती दिवस, परत कधी तपासणार, हे कागदावर हवं. माणूस आठवड्यात अचानक सुस्त झाला, लाळ गळायला लागली, तर म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका, औषधांचा चार्ट मागा.

डी ३०२: मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, इथे बहुतेक सगळ्यांपेक्षा मोठा. सगळं वाचतोय. एक सांगा, वडिलांना नेलंत का बघायला?

ए ४०१: नाही काका. त्यांना त्रास होईल म्हणून

डी ३०२: तुमची तळमळ दिसते, रागावून म्हणत नाही. पण जिथे राहायचं ते त्यांना दाखवा. बोलता येत नसलं तरी मान हलवता येते. कधी उठायचं, कधी झोपायचं, अंघोळ पुरुषानं घालायची की बाईनं, दार उघडं ठेवून घालायची की लावून, हे सगळं तिथे कोण ठरवतं ते विचारा. माझा एक मित्र होता अशा ठिकाणी, त्याला पहाटे साडेचारला अंघोळ घालायचे कारण रात्रीची शिफ्ट संपायच्या आत सगळ्यांची उरकायची असायची. अंगावर एक ओरखडा नव्हता त्याच्या. पण तो मला म्हणाला होता की मला वस्तूसारखं धुतात. संयुक्त राष्ट्रांनी १९९१ साली वृद्धांसाठी तत्त्वं मंजूर केली त्यात प्रतिष्ठा हा शब्द आहे, खासगीपणाही आहे. सुरक्षेच्या यादीत तो सगळ्यात शेवटी ढकलतात.

सी १०४: काका 🙏 खूप महत्त्वाचं बोललात

बी २०३: अंघोळीवरून आठवलं, गिझरचं तापमान विचारा. ६० डिग्रीच्या पाण्यानं ५ सेकंदांत खोल भाजू शकतं, म्हाताऱ्यांची कातडी पातळ, त्यांना त्याहून लवकर. आणि बाबांच्या उजव्या बाजूला संवेदना कमी असेल तर त्यांना कळणारही नाही. पाणी थर्मामीटरनं बघतात की नुसता हात घालून, एवढं बघा.

सी ५०३: मी सहसा बोलत नाही ग्रुपवर. माझी बहीण अटेंडंट आहे अशाच एका होममध्ये. रात्री अठरा माणसांना त्या दोघीच असतात. एकीला एक माणूस साफ करायला वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात दुसऱ्या तीन बेल वाजतात. ती रडून घरी येते. टिका आधी मारून ठेवणं चूकच आहे, पण टिका मारल्या नाहीत तर पगार कापतात आणि मारायला हवं तेवढं काम दोन हातांनी होतच नाही. तुम्ही मॅनेजरला विचारता तेव्हा रात्री माणसं किती हे विचारा, आणि किती वर्षं टिकलीत तेही.

सी १०४: ताई बरं झालं बोललात. खरंय, मी त्या मुलींवर ओरडले होते तेव्हा, ज्यांनी माणसं कमी ठेवली त्यांना जाब विचारलाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं दिलेला आकडा आहे, संस्थांमधल्या दर तीन कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी गेल्या वर्षात आपल्या हातून वृद्धाशी गैरवर्तन झाल्याचं कबूल केलं. वाचून झोप उडते. पण तीनातले दोघे मुळातच वाईट असतील असं मला नाही वाटत.

ए १०२: मान्य, माझं पहिलं वाक्य मागे घेतो. रात्रीचं म्हणाल तर आग लागली तर? दोघीजणी अठरा माणसांना कशा बाहेर काढणार, त्यात निम्मे न चालणारे

बी २०३: हेच विचारायचं. आगीची प्रॅक्टिस करताना रात्रीएवढीच माणसं घेऊन करतात का. दुपारी पूर्ण स्टाफ घेऊन केलेल्या ड्रिलला अर्थ नाही. मागचा दरवाजा स्वतः ढकलून बघा, बऱ्याच ठिकाणी त्याच्यासमोर व्हीलचेअरी रचलेल्या असतात. आणि ठेवल्यानंतर दर महिन्याला वजन विचारत जा. महिन्यात ५ टक्के उतरलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलो, तर लगेच डॉक्टर. पाणी हाताशी आहे का तेही, वय झालं की तहान कमी लागते, मागत नाहीत. रिकामा ग्लास लांबच्या टेबलावर दिसला की मला सगळं कळतं.

ए ४०१: सगळं वहीत उतरवून घेतलं. तिन्हीपैकी एक आजच कट केलं, फोनवर रात्रीचा स्टाफ विचारला तर मॅनेजर म्हणाले ते गोपनीय आहे. बाकीच्या दोन ठिकाणी शनिवारी संध्याकाळी जेवणाच्या वेळेला जातोय. काका, तुमचं वाचून बाबांना आत्ता विचारलं. येतो म्हणाले. मग बराच वेळ काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते, शेवटी डाव्या हातानं दाखवलं, खोलीला आतून कडी आहे का विचार. काय सांगू त्यांना? कडी लावून आत पडले तर?

बी २०३: कडी मिळते. आतून लावता येते आणि गरज पडली तर स्टाफला बाहेरून किल्लीनं उघडता येते असं लॉक असतं, आमच्याकडे होतं. दोन्ही ठिकाणी विचारा. शनिवारी किती वाजता निघताय? मी येते बरोबर.