मदत हवी आहे: पावसात झटका मशीनचा करंट जातो कुठे?

रामराम मंडळी. शेत अकोटकडे, खारपाण पट्ट्यात. रानडुकरं अन् रोही (नीलगाई) तूर ठेवत नाहीत म्हणून कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारी सोलरवाली झटका मशीन बसवली. मृगाआधी तारेला हात लागला की खांद्यापर्यंत सणक जायची. पाऊस लागला तशी तार नुसत्या गुदगुल्या करते. मशीनची टकटक चालू, बॅटरी भरलेली, तार कुठे तुटलेली नाही.

खांब बाभळीचे. तार सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळून बांधली आहे, खालची तार गवतातून जाते. लाकूड, रबर दुर्वाहक असंच शाळेत शिकलो. मग हे काऊन? दुकानदार मोठी मशीन घ्या म्हणतो. शेजारी म्हणतो कुंपणाला सरळ विजेच्या लाइनची तार जोड. ते तर मी करणारच नाही.

प्रतिसाद १
भाऊ, मशीन बदलू नका. जमीन ओली झाली म्हणजे अर्थिंग उलट सुधारलं. गळती खांबांवर आणि गवतात आहे. करंट मशीनमधून तारेत, तारेतून जनावराच्या अंगातून जमिनीत आणि अर्थच्या सळईने परत मशीनकडे, असा फिरतो. ओलं गवत त्याला हाच रस्ता फुकटात देतं.

वाळलेलं लाकूड दुर्वाहक, हे खरं. ओल्या लाकडात पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार असतात, त्यांचे आयन वीज वाहून नेतात. त्यात तुमच्याकडची खारी माती खांबावर उडते. शिवाय झटक्याच्या क्षणी तारेवर हजारो व्होल्ट असतात. घरच्या २३० व्होल्टला जे अडवतं ते इथे पुरत नाही. काळ्या ट्यूबच्या रबरात कार्बन मिसळलेला असतो, तिच्यावर तर अजिबात विसंबू नका.

अंधार पडल्यावर कुंपणाच्या कडेने फिरा. गळतीच्या जागी चटचट आवाज येतो, कधी निळी ठिणगी दिसते. मशीन बंद करून गवत कापा, खांब आणि तारेच्या मध्ये वीज अडवणारे इन्सुलेटर लावा.

प्रतिसाद २
शेजाऱ्यालाही समजावा. मशीनचा झटका क्षणभराचा, मध्ये सेकंदभर उसंत, म्हणून हात सुटतो. लाइनचा करंट सुटू देत नाही. आपल्या विदर्भात अशा तारांनी माणसं मेली, वाघही मेले. गुन्हा दाखल होतो तो वेगळाच.

धागाकर्ता
आभार. नाल्याकडच्या खांबांवर चटचट सापडली. इन्सुलेटर चिनी मातीचे घ्यावे की प्लास्टिकचे?

प्रतिसाद १
प्लास्टिकचे चालतात, फक्त उन्हात न चिरणारे बघून घ्या. गेटाजवळ तार ताणलेली असते, तिथे चिनी मातीचेच लावा.